आयरिशमध्ये रामराम कसा घालावा: आयर्लंडला निघालेल्या खान्देशी मुलींसाठी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे शहर मागे टाकून पुढे गेलं की कॉनेमारा नावाचा भाग लागतो. तिथल्या एका वृद्धाश्रमात मी काही वर्षं स्टाफ नर्स होते. आता जळगावला असते आणि तिकडे निघालेल्या मुली निघण्याआधी भेटायला येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: थंडी किती, घरभाडं किती, पोळ्यांसाठी पीठ मिळतं का. भाषेबद्दल कुणी विचारत नाही, कारण इंग्रजीची परीक्षा पास झालेली असते. मी मात्र त्यांना बसवून घेते आणि आयरिश भाषेतले नमस्कार शिकवते. त्यातही आधी उत्तरं शिकवते, मग नमस्कार.

असं उलटं का, ते सांगते. तिथली म्हातारी माणसं आपण बोलायच्या आधीच बोलतात. तुम्ही औषधांची ट्रॉली घेऊन दारात उभ्या राहिलात की पलंगावरून आवाज येतो. तेव्हा उत्तर देता आलं तर पुढचं बोलणं होतं. पाठ केलेला नमस्कार तोंडात राहिला आणि उत्तर माहीत नसलं, तर गाडी तिथेच थांबते. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक अभिवादनाला ठरलेला प्रतिसाद आहे. म्हणून जोडीने शिका, आणि जोडीतलं दुसरं आधी.

आधी तोंड तयार करू

आपल्याला सगळ्यात जास्त फसवतं ते इंग्रजी अक्षर एच. आपण धुळे लिहिताना डीएच लिहितो आणि ध वाचतो, भुसावळला बीएच लिहितो आणि भ वाचतो. आयरिश शब्द कागदावर दिसला की हीच सवय आडवी येते. तिथे व्यंजनापुढे एच आला की ते व्यंजन मऊ पडतं. बीएच आणि एमएच म्हणजे व. सीएच म्हणजे नुक्त्याचा ख़, उर्दू बोलणारे ‘ख़बर’ म्हणतात तसा. डीएच आणि जीएच म्हणजे नुक्त्याचा ग़, ‘ग़ज़ल’मधला, पण पुढे इ-ए सारखा स्वर असला की तोच य होतो. एसएच आणि टीएच म्हणजे नुसता ह. एफएच तर बोलायचाच नाही. कॉनेमाराच्या म्हाताऱ्याने आपल्या सवयीने भुसावळ स्टेशनची पाटी वाचली तर तो ‘वुसावल’ वाचेल, आणि धरणगावला ‘ग़रनगाव’. तुमचं नाव भावना असेल आणि छातीवरचा बिल्ला वाचून कुणी ‘वावना’ म्हणालं, तर त्याने चुकीचं वाचलेलं नाही. जुन्या आयरिश लिपीत हा एच नव्हताच, अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचे. विसाव्या शतकात रोमन टाइप रुळला आणि टिंबाची जागा एचने घेतली. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर ती टिंबं अजून दिसतात.

जळगाव, धुळे, मालेगाव इकडे ख़ आणि ग़ कानावर पडतातच, त्यामुळे हे दोन आवाज आपल्याला परके नाहीत. याहून मोठी सोय म्हणजे आपले त आणि द. इंग्रजी बोलताना आपण ट आणि ड वापरतो. आयरिशमधले जाड उच्चाराचे टी आणि डी मात्र दातांना जीभ लावून म्हणतात, थेट आपल्या त-द सारखे. इंग्रज माणसाला ते मुद्दाम शिकावं लागतं. तुम्ही फक्त इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठी तोंडाने बोला. दुसरा प्रकार बारीक उच्चाराचा. शेजारी इ-ए असला की डी हा ‘द्य’ आणि ‘जीभ’मधला ज यांच्या मधला होतो, टी हा ‘त्य’ आणि ‘चिंच’मधला च यांच्या मधला. मी खाली जे लिहिते आहे ते कॉनेमाराच्या वळणाचं आहे.

नमस्कार आणि त्याचं उत्तर

समोरचा म्हणेल: ‘जीअ ग़ित्य.’ देव तुझ्याबरोबर असो, अशा अर्थाचं.
तुम्ही म्हणायचं: ‘जीअ स म्विरा ग़ित्य.’ देव आणि मेरी तुझ्याबरोबर असोत.

उत्तरात एक नाव वाढतं, हे लक्षात ठेवा. मिळालं तेवढंच परत करायचं नसतं. जुन्या वळणाची माणसं यापुढे आणखी एक पायरी चढून संत पॅट्रिकचं नावही जोडतात. नमस्कार तुम्ही आधी केलात तर अर्थातच ‘जीअ ग़ित्य’ तुमचं आणि दोन नावांचं उत्तर त्यांचं. दोघांनीही ‘जीअ ग़ित्य’ म्हटलं की तो नमस्कार अर्धा राहतो. समोर दोन किंवा जास्त माणसं असतील तर ‘ग़ित्य’च्या जागी ‘ग़ीव’ म्हणा: ‘जीअ ग़ीव’, ‘जीअ स म्विरा ग़ीव’.

काही मुली विचारतात, आपण हिंदू किंवा मुसलमान, मग मेरीचं नाव घ्यायचं का? घ्या, बिनधास्त. गावाकडे दिवसभर रामराम चालतो, त्यात समोरच्याच्या धर्माची चौकशी कुणी करत नाही, तसंच हे. मनाला पटत नसेल तर तरुण मंडळी सरळ ‘हाय’ म्हणतात, तेही चालतं. ‘म्विरा’ हे नाव आयरिशमध्ये फक्त येशूच्या आईसाठी राखलेलं आहे. एरवी मेरी नावाच्या बाईला ‘मॉरा’ म्हणतात, तेवढं सांभाळा.

आमच्याकडे मॉरा नावाच्या एक आजी होत्या. समुद्रकाठच्या घरात जन्म गेलेला, घरची भाषा आयरिश, आणि स्मृतिभ्रंशाने इंग्रजी हळूहळू पुसत चाललेलं. अशा आजारात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते आणि लहानपणची मागे राहते. सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की त्या पांघरुणाची कड बोटांनी दुमडत राहायच्या, वर बघायच्या नाहीत. मी दारातूनच ‘जीअ ग़ित्य, अ वॉरा’ म्हणायला लागले तेव्हा बोटं थांबली. मान वर करून त्यांनी अख्खं उत्तर दिलं, दोन्ही नावांसकट, आणि वर म्हणाल्या, ‘मा न कॉलीन.’ म्हणजे गुणाची पोर. त्यानंतर गोळ्या घेताना त्यांनी तोंड मिटून धरलं असं क्वचितच झालं. औषधाची मात्रा तीच होती, डॉक्टर तेच होते.

तू की तुम्ही?

आपल्या मुली इथे अडखळतात. ऐंशी-नव्वद वर्षांच्या माणसाला तू कसं म्हणायचं? आयरिशमध्ये एका माणसाला ‘तू’च म्हणतात. शब्दही तोच, उच्चारही तोच. ‘शिव’ हे अनेकांसाठी. आदर म्हणून एकट्याला ‘शिव’ म्हटलंत तर ते दुसरा कोण आलाय म्हणून मागे वळून बघतील. आदर आवाजात आणि आशीर्वादाच्या शब्दांत असतो. आपणही मायला तूच म्हणतो.

कसं काय चाललंय

इथे गावागणिक फरक आहे. कॉनेमारात विचारतात, ‘के ख़ी विल तू?’ दक्षिणेला कॉर्क-केरीकडे ‘कोनस तॉ तू?’ आणि उत्तरेला डोनेगॉलमध्ये ‘गजे मर तॉ तू?’ तिन्ही बरोबर. १९५८ साली भाषेचं प्रमाण रूप ठरवलं गेलं आणि शाळेत ते शिकवतात, पण घरात जो तो आपल्या वळणाने बोलतो. अमळनेरची अहिराणी आणि यावल-रावेरची लेवा बोली एकाच जिल्ह्यात नांदते, तेव्हा हे आपल्याला समजावून सांगायला नको. नोकरी कुठे लागली ते बघा आणि तिथलं एक वळण पक्कं करा.

उत्तर: ‘तॉ मे ग मा’, मी बरी आहे. कॉनेमारातली म्हातारी माणसं एवढंही म्हणत नाहीत. ती म्हणतात, ‘नील कायल ओरम’, म्हणजे तसं वाईट नाही. बरं चाललंय असं ठणकावून सांगण्याची तिथे रीत नाही. उत्तर दिलंत की लगेच प्रश्न परत करायचा: ‘अगस हू हेन?’ आणि तू? हे विसरलात तर तुम्हाला घाई आहे असं समजतात.

आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ असे सुटे शब्द नाहीत. प्रश्नातलं क्रियापदच उत्तरात परत येतं. इंग्रजीत वाढलेल्याला हे फार जड जातं, आपल्याला अजिबात नाही. अहिराणीत ‘शे का?’ विचारलं की आपण ‘शे’ म्हणतो. ‘जेवण व्हयनं का?’ ‘व्हयनं.’ तसंच तिथे: ‘अन विल पीअन ओर्त?’ म्हणजे दुखतंय का. दुखत असेल तर ‘तॉ’, नसेल तर ‘नील’. हा प्रश्न अभिवादनात मोडत नाही, पण नर्सला त्याशिवाय चालायचं नाही, म्हणून इथेच घेतला. उत्तर नीट ऐका, आणि काहीही शंका असेल तर इंग्रजीत किंवा तिथल्या सहकाऱ्याकडून खात्री करून घ्या. वेदना, ॲलर्जी, औषधाचं प्रमाण या गोष्टी अर्धवट आयरिशवर सोडायच्या नाहीत.

ओळख झाल्यावर ‘जीअ ग़ित्य’ मागे पडतं आणि हवामान पुढे येतं. ऊन पडलं की ‘लॉ ब्रॉ’, छान दिवस. गार असेल तर ‘तॉ शे फुअर’. बारीक भुरभुर चालू असेल तर ‘लॉ बोग’, मऊ दिवस. असे दिवस तिथे भरपूर. प्रत्येकाला त्याचंच वाक्य परत द्या, किंवा नुसतं ‘तॉ’ म्हणा. आपल्याकडे पारा ४५ला टेकतो हे सांगितलंत तर अर्धा तास गप्पा चालतील. ओळखीची माणसं आणखी एक विचारतात: ‘एन श्केल?’ काय विशेष? विशेष नसेल तर ‘नील’ म्हणा. असेल तर सांगा, त्यांना खरंच ऐकायचं असतं.

आभार, शिंक आणि दृष्ट

धन्यवाद: ‘गुर मा आगत.’ अनेकांना: ‘गुर मा आगीव.’ उत्तर: ‘तॉ फॉल्त्या रोत.’ कृपया म्हणायचं तर कॉनेमारात ‘मॉश ए द हेल ए’ ऐकाल. पुस्तकात ‘ल द हेल’ सापडेल. चालणारं दोन्ही.

कुणी शिंकलं की ‘जीअ लिन’, देव आपल्याबरोबर असो. आपली आजी ‘शतंजीव’ म्हणायची ती जागा.

पुढचं मात्र नीट शिका, कारण ते पुस्तकांत सहसा मागे पडतं. आजोबा नातवाचा फोटो दाखवतील. आपण म्हणतो, किती गोड आहे. जुन्या आयरिश रीतीने नुसतं कौतुक करून थांबायचं नाही. दृष्ट लागेल ही भीती तिथेही होती, म्हणून कौतुकाबरोबर देवाचं नाव जोडायचं: मुलगा असेल तर ‘बाल ओ यीअ एर’, मुलगी असेल तर ‘बाल ओ यीअ इर्हा’. देवाची कृपा राहो त्याच्यावर, तिच्यावर. इथे देवाचा ‘जीअ’ मऊ पडून ‘यीअ’ झाला, वर सांगितलेला डीएचचा नियम. कामात गढलेल्या माणसालाही ‘बाल ओ यीअ ओर्त’ म्हणतात. हे चार शब्द परदेशी मुलीच्या तोंडून येतील अशी कुणाची अपेक्षा नसते, आणि आले की त्या घरातली तुमची जागा बदलते.

नाव घेऊन हाक

हाक मारताना नाव बदलतं. मराठीत संबोधनात शेवट बदलतो, ‘राम’चा ‘रामा’ होतो. आयरिशमध्ये आधी ‘अ’ येतो आणि नावाची सुरुवातच मऊ पडते. मॉराला हाक ‘अ वॉरा’, पॉरिगला ‘अ फॉरिग’. पुरुषांच्या नावाचा शेवटही बारीक होतो. शॉनला हाक मारताना ते ‘अ ह्यॉइन’ असं काहीसं ऐकू येतं. पहिल्यांदा वाटतं की वेगळ्याच माणसाला बोलावतात. वॉर्डातल्या सगळ्यांची नावं अशी लिहून घ्या आणि तिथल्या सहकाऱ्याकडून एकदा म्हणवून घ्या.

तुम्हाला मात्र ते नावाने कमीच हाक मारतील. ‘अ स्तोर’ म्हणतील, म्हणजे माझा ठेवा. ‘अ ग़्रॉ’, माझ्या लाडके. ‘अ ख़्री’, माझ्या काळजा. यात वावगं काही नाही, लेकीला म्हणावं तसं ते म्हणतात.

निघताना

इथे कोण थांबतंय आणि कोण जातंय यावर शब्द ठरतो. तुमची शिफ्ट संपली, तुम्ही निघालात, आजी तिथेच आहेत: तुम्ही म्हणायचं ‘स्लॉन आगत’. त्या तुम्हाला म्हणतील ‘स्लॉन ल्यात’. आपल्याकडे निघणारी ‘येते हं’ म्हणते आणि राहणारी ‘ये गं’ म्हणते, शब्द बदलून चालत नाही; इथेही तेच. गोंधळ झाला तर नुसतं ‘स्लॉन’ म्हणा. लवकरच भेटणार असाल तर ‘स्लॉन ग फोल’. कुणी बरा होऊन घरी निघाला तर ‘स्लॉन अवाल्या’, सुखरूप घरी पोच. रात्री ‘ई-ह वा’, आणि दिवा मालवताना ‘कोल सॉव’, शांत झोप.

वृद्धाश्रमात काही निरोप शेवटचे असतात. घरच्यांना भेटाल तेव्हा हात हातात घेऊन म्हणा, ‘नी मा ल्यूम द ह्रिब्लोज’, तुमच्या दुःखाचं मला वाईट वाटतं. यापेक्षा जास्त बोलायची गरज नसते. गेलेल्या माणसाचं नाव निघालं की ती मंडळी ‘एर येश जे’ अशी सुरुवात असलेलं वाक्य पुटपुटतात: देवाच्या उजव्या हाताला त्याचा आत्मा असो. तेव्हा मान खाली घालून थांबा.

कुठे बोलायचं, कुठे नाही

आयरिश ही १९३७च्या राज्यघटनेनुसार आयर्लंडची पहिली अधिकृत भाषा आहे, २००७पासून युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. २०२२च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी ती येते असं सांगितलं, पण शाळा-कॉलेजबाहेर रोज बोलणारे साधारण ७२ हजार. म्हणजे डब्लिनच्या हॉस्पिटलात दिवसभर ती कानावर येईलच असं नाही. तिथे ‘स्लॉन’ आणि ‘गुर मा आगत’ एवढं पुरे. शाळेत बहुतेक सगळे शिकलेले असतात, हसून उत्तर देतील. कॉनेमारा, ॲरन बेटं, आणि डोनेगॉल-केरीतले काही भाग इथे मात्र ती अजून घरात बोलली जाते. कोटावर छोटी गोल अंगठीसारखी पिन दिसली तर तो माणूस आयरिश बोलायला तयार आहे असं समजा. तिला ‘फॉन्या’ म्हणतात. इंग्रजीत बोलताना या भाषेला आयरिश म्हणा, गेलिक नको. गेलिक म्हटलं की स्कॉटलंडची भाषा डोळ्यापुढे येते.

म्हाताऱ्यांना आपली भाषा ऐकून एवढं का भरून येतं, हेही माहीत असू द्या. १८४५ ते १८५२च्या दुष्काळात सगळ्यात जास्त होरपळला तो आयरिश बोलणारा पश्चिम भाग. माणसं मेली, उरली त्यातली कितीतरी बोटीत बसून गेली. एकोणिसाव्या शतकात काही शाळांमध्ये पोराच्या गळ्यात काठी अडकवायचे. आयरिश बोललं की तिच्यावर एक खाच, आणि खाचा मोजून मार. ज्यांना वर्गात अहिराणी बोलल्याबद्दल टोकलं गेलं आहे, त्यांना यातलं दुखणं कळेल.

सराव कसा करायचा? ‘त्यांगलन’ (teanglann.ie) नावाचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. शब्द टाकला की तिन्ही भागांतला उच्चार खऱ्या माणसाच्या आवाजात ऐकू येतो. माझी देवनागरी तुम्हाला दारापर्यंत नेईल, कान तिथेच तयार करा. १९७२पासून चालू असलेला रेडिओ न गेल्तख़्तही मोबाइलवर लागतो. भाकरी थापताना लावून ठेवा, समजलं नाही तरी चाल कानात बसते. रोज एक जोडी घ्या आणि मैत्रिणीबरोबर बोला, एकदा ती आधी, एकदा तुम्ही.

आणि एक प्रश्न पहिल्याच आठवड्यात येणार: ‘के आस हू?’ तू कुठली? उत्तर ‘इस आस’, मग गावाचं नाव, मग ‘मे’. इथे नुसतं इंडिया सांगून थांबू नका. त्यांना गाव हवं असतं, गावातली वस्ती हवी असते, घरापुढे नदी आहे का डोंगर ते हवं असतं. ‘इस आस पारोळा मे’ म्हणा, ‘इस आस बोदवड मे’ म्हणा. ते दोनदा-तीनदा म्हणून बघतील, ळवर अडकतील. तुम्ही सावकाश म्हणून दाखवा, आणि मग त्यांचं गाव विचारा.